शेवटी पैज तूच जिंकलास

फोंडा, गोवा

प्रिय सुध्या,

पत्राला सात महिने उशीर झाला, शिव्या घालून मोकळा हो. तब्येत ठीक, साखर होती तिथेच आहे.

गेल्या आठवड्यात विजापूरला जाऊन आलो. इब्राहिम रोझा, म्हणजे तिथल्या सुलतान इब्राहिम आदिलशहाचा (दुसरा) मकबरा. एका चौथऱ्यावर समोरासमोर दोन इमारती, मध्ये हौद. कॉलेजच्या सहलीत मी पैजेवर सांगत होतो, कबरी मशिदीत आहेत. तू घसा फोडून सांगत होतास, मशीद पलीकडची. हरलो बाबा. मक्का पश्चिमेला, म्हणून मशीद पश्चिमेच्या टोकाला आणि मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, तिच्या पाठभिंतीत. पूर्वेकडचा तो रोझा. किलोभर खाजे पाठवतो. पण तेव्हा चारचौघांत मला 'इतिहासाचा ढ' म्हणालास, ते विसरलेलो नाही.

मशिदीच्या छज्ज्याला दगडी साखळ्या लोंबतात, अखंड दगडातून कोरलेल्या. रोझ्याच्या आत छत सपाट, दगडाचंच, आणि खाली एक खांब नाही. मान दुखेस्तोवर बघत राहिलो आणि डोळ्यांपुढे आलं आमच्या जुन्या घराचं राजांगण, मधला उघडा चौक. पावसाळ्यात आम्ही भोवतीच्या सोप्यात तीन तपेली मांडतो. भावाने बिल्डरचा कागद पाठवलाय. दोघांच्या सह्या झाल्या, माझी तेवढी राहिलीय. इब्राहिमने हे बांधायला घेतलं राणी ताज सुलतानासाठी, आणि 1627 मध्ये स्वतःही तिथेच निजला. आई, मुलं, सगळी एका छताखाली. सहा कबरी निमूट. आम्ही तिघे जिवंत भाऊ एका बैठकीत बसत नाही!

परतल्यावर इथल्या, फोंड्याच्या साफा मशिदीपाशी थांबलो. 1560 ची, इब्राहिमच्या काकाच्या, अली आदिलशहाच्या काळातली. आपल्याच जांभ्या चिऱ्याची, वर कौलं. तळीच्या पायऱ्यांवर बसून आपण बारावीचे पेपर तपासले होते, आठवतं? कडेच्या भिंतीतल्या मिहराबी कमानी तशाच आहेत. चिरा टिकतो रे. आमच्याही भिंती शाबूत आहेत, वाळवी फक्त वाशांना लागलीय. सुतार म्हणतो, वासे बदलले की पुढची पिढी निघेल. त्याने आकडा सांगितला तेव्हा मात्र मी तिथेच जोत्यावर बसलो. तू त्या जोत्यावरून पडून दात पाडून घेतलेलास, म्हणून तुलाच लिहितोय. बायकोला विचारलं तर ती म्हणते, तपेली तू पुसतोस का?

तुझी बदली झाली का? मुलीचं अभिनंदन सांग. वहिनींना नमस्कार.

धाकटा पुढच्या रविवारी सही मागायला येतोय. त्याआधी फोन कर. फक्त 'मी सांगितलं होतं' हे आधी उरकून घे.

तुझा,
ढ