सिनॉप्सिसमधलं ते एक वाक्य

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या प्रबंधाच्या सिनॉप्सिसचा, म्हणजे आराखड्याचा, मसुदा वाचला. साधनांची यादी भरभक्कम आहे, विधिमंडळातल्या चर्चा तू नीट चाळल्या आहेस, त्याबद्दल बोलायला जागा नाही. अडचण आहे ती पहिल्या पानावरच्या एका वाक्यात, आणि नेमकं त्याच्याच जोरावर पुढची सगळी प्रकरणं उभी राहायची आहेत. ते इथे उतरवून घेतो, म्हणजे बोलायला बरं:

‘प्रस्तुत शोधप्रबंधात महाराष्ट्रातील रोजगार हमी योजनेच्या ऐतिहासिक, सामाजिक, आर्थिक व राजकीय पैलूंचा चिकित्सक अभ्यास करून ग्रामीण विकासातील तिच्या अनन्यसाधारण योगदानावर प्रकाश टाकण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे.’

व्याकरणाची चूक एकही नाही. पण यात तू काय करणार ते आहे, तुला काय म्हणायचंय ते नाही. ‘रोजगार हमी योजना’ काढून तिथे ‘सहकारी साखर कारखाने’ घाल, वाक्य बिनबोभाट चालतं. ज्या वाक्यातला विषय बदलला तरी काही बिघडत नाही, ते प्रतिपादन नव्हे. दुसरी कसोटी याहून कडक: ते वाचून एखादा जाणकार ‘छे, तसं नव्हतं’ म्हणू शकतो का? तुझ्या गृहीतकांतलं पहिलंच बघ, ‘रोजगार हमी योजनेमुळे ग्रामीण मजुरांना रोजगार मिळाला.’ याला नाही कोण म्हणणार? मग त्यासाठी तीनशे पानं कशाला?

वाक्य सुधारायला बसू नकोस, ते बाजूला ठेव. आधी प्रश्न लिही, आणि तो ‘का’ किंवा ‘कसं’ने सुरू होऊ दे. ‘काय’ने सुरू झालेल्या प्रश्नाचं उत्तर माहितीवर संपतं. तुझ्या टिपणांतच चांगला प्रश्न दडलाय. दुष्काळ पडला १९७२-७३चा. पाऊस आला की दुष्काळी कामं बंद होतात, ही नेहमीची रीत. इथे उलट झालं: योजनेच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा आला, १९७७ मध्ये हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शिवाय विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचा तासगाव तालुक्यातला रोजगाराचा प्रयोग दुष्काळाच्याही आधीचा. म्हणजे ‘दुष्काळातून योजना जन्मली’ ही सगळ्यांच्या तोंडी असलेली गोष्ट दोन्ही टोकांना अपुरी पडते. प्रश्न झाला: दुष्काळ ओसरल्यावर हमीचा कायदा का झाला?

आता उत्तर एका दमात लिही, कसंही. बहुधा असं काही येईल: ‘रोजगार हमी योजना ही राजकीय तडजोडीतून साकारली.’ हे विधान आहे खरं, पण फुगलेलं. तडजोड कोणाकोणात? कशाच्या बदल्यात काय? ती नावं वाक्यात आली की हवा जाते:

‘१९७७ चा कायदा होऊ शकला, कारण मजुरीचा खर्च केवळ शहरी पगारदारांवर टाकता आला.’

हे वाचणाऱ्याला धरून ठेवतं. पण इथे ‘केवळ’ हा शब्द तुला व्हायव्हात, तोंडी परीक्षेत, बुडवेल. निधीत व्यवसाय कराचा वाटा मोठा होता हे खरं, पण बागायती जमिनीवरही उपकर होता, आणि विशेष करांतून जमा होईल तेवढीच रक्कम शासन आपल्याकडून घालत असे. हे ज्याला ठाऊक आहे तो परीक्षक त्या एका शब्दावर तुझा अर्धा तास घेईल. ‘प्रामुख्याने’ लिहिलंस तर तोच उपकर पुढच्या प्रकरणात तुझ्याच कामी येतो: बागायतदारांनी हा भार का सोसला, असा पुढचा प्रश्न त्यातून निघतो. ‘केवळ’, ‘सर्वच’, ‘कधीही’, ‘पूर्णपणे’ हे चार शब्द मसुद्यात शोध आणि प्रत्येकासमोर पुरावा आहे का ते बघ. नसेल तर सौम्य कर, पण ‘काही अंशी’ लिहून सुटू नकोस. ‘काही अंशी’ म्हणजे किती, कुठे, हे त्यातून कळत नाही. ‘अवर्षणप्रवण तालुक्यांत’, ‘१९७९ ते १९८९ या काळात’ अशी मर्यादा घातलीस की विधान लहान होतं, पण टिकतं.

हे सगळं धरून मी असं लिहीन:

‘१९७२च्या दुष्काळाने ग्रामीण मजुरांना कामाची हमी देण्याची निकड दाखवून दिली, पण ती हमी १९७७ मध्ये कायद्यात उतरली ती दुष्काळामुळे नव्हे. तिच्या खर्चाचा मोठा वाटा व्यवसाय करातून शहरांकडून येणार होता आणि तीतून होणारे पाझर तलाव व रस्ते जमीनधारकांच्या उपयोगाचे होते, म्हणून सत्तेतील बागायतदार नेतृत्वाने तिला पाठिंबा दिला.’

हे खरंच आहे असं मी म्हणत नाही, ते तुला सिद्ध करायचंय. पण सिद्ध करायला काहीतरी आहे. दोन वाक्यं मुद्दाम केली आहेत. मराठीत क्रियापद शेवटी येतं. एकाच वाक्यात ‘असून’, ‘करून’, ‘मुळे’, ‘च्या दृष्टीने’ असं रचत गेलास की वाचणारा क्रियापदाची वाट बघत बघत सुरुवात विसरतो. एका वाक्यात वीस-पंचवीस शब्द पुष्कळ झाले. एकच वाक्य हवं असा इंग्रजी पुस्तकांतला दंडक पाळायची गरज नाही.

‘पण’कडेही लक्ष दे. तो शब्द प्रचलित समज एका बाजूला आणि तुझं म्हणणं दुसऱ्या बाजूला ठेवतो. वाचकाला पुढे वाचावंसं वाटतं ते त्या ताणामुळे. अलंकार, सुभाषित, ‘बळीराजाचे अश्रू’ यांची इथे काही गरज नाही. प्रश्नचिन्हावर संपणारं वाक्यही नको. तिथे वाचकाला उत्तर हवं असतं.

‘करण्यात आला’ हा प्रयोग मात्र मसुद्यातून जवळजवळ हाकलून दे. तो कर्ता लपवतो. ‘कायदा करण्यात आला’ यात कोणी, हे गळतं. आणि तुझा सगळा प्रबंध त्या ‘कोणी’वरच आहे. ‘सक्षमीकरण’, ‘बळकटीकरण’ अशा नामांचंही तेच. त्यांची क्रियापदं करून बघ: कोणी कोणाला कशासाठी सक्षम केलं? उत्तर देता आलं नाही तर तो शब्द तिथे रिकामा आहे.

क्रियापद पुराव्याच्या तोलाचं हवं. ठराव, अंदाजपत्रक, सभागृहातलं भाषण हाती असेल तर ‘दिसते’. अनेक साधनं एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर ‘सूचित होते’. ‘सिद्ध होते’ इतिहासात फार जपून. हेतूबद्दल बोलताना तर विशेष, कारण नेते सभागृहात जे बोलले तेच त्यांच्या मनात होतं असं धरता येत नाही.

मग प्रकरणं या विधानाशी ताडून बघ. दुष्काळ, करांची रचना, कामांचे लाभधारक, नेतृत्वाची भूमिका, अशी चार प्रकरणं त्यातून आपोआप निघतात. तुझं पाचवं प्रकरण १९९० नंतर याच योजनेतून झालेल्या फळबाग लागवडीचं. विधान १९७७ वर थांबतं, त्यामुळे ते अधांतरी राहतं. एकतर ते परिशिष्टात टाक, नाहीतर विधानाचा काळ वाढव, आणि मग जमीनधारकांचा लाभ पुढे कसा रुंदावला हा धागा त्यात घे. मला दुसरं बरं वाटतं, पण पुरावा दुप्पट लागेल.

शीर्षकातलं ‘एक चिकित्सक अभ्यास’ खुशाल राहू दे. नोंदणी झाल्यावर शीर्षक बदलायचं म्हणजे अर्ज, समिती, आणि पुढच्या बैठकीपर्यंत वाट. उद्दिष्टांच्या रकान्यातही ‘अभ्यास करणे’ चालतं, समितीला ते सवयीचं आहे. गृहीतकं मात्र नव्याने लिही, आणि पहिलं प्रकरण संपताना हे विधान स्वतंत्र परिच्छेदात ठेव. चौथं प्रकरण लिहून झालं की ते पुन्हा उघडशील, तेव्हा त्यातला निदान एक शब्द बदलेल. तोच शब्द समारोपातही बदल. पहिल्या प्रकरणातलं म्हणणं एक आणि शेवटच्यातलं दुसरं, ही तफावत परीक्षकाला लगेच दिसते.

एक काम कर. नवं विधान प्राणिशास्त्राच्या एखाद्या सहकाऱ्याला वाचून दाखव आणि कागद बाजूला ठेवून त्याला ते आपल्या शब्दांत सांगायला लाव. तो जिथे अडखळेल तिथे खूण कर. मग दोन पर्यायी मसुदे मला पाठव, आणि सोबत करांच्या प्रकरणाचा कच्चा खर्डाही. बागायती उपकराचे आकडे तू कुठल्या वर्षापासून घेतले आहेस ते त्यात बघायचंय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत