घंटागाडीत जाता जाता राहिलेली पेटी

तीर्थस्वरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या तोंडावर आभार मानायची सोय नाही. एकदा मानून बघितले, तर "चहा टाक, आभार कशाला" म्हणून तुम्ही मोकळे झालात. आता तुम्ही पुण्यात, मुलाकडे, नवव्या मजल्यावर. नाशिकच्या सिडकोतला, तुमच्या वरच्या मजल्यावरचा चहा काही तिथवर पोचत नाही. म्हणून सगळ्यांच्या देखत लिहिते आहे. चष्मा सापडला नाही तर नातवाकडून वाचून घ्या.

त्या सकाळी मी बाबांची पेटी दोन्ही हातांत धरून घंटागाडीची वाट बघत उभी होते. २०१९ च्या ऑगस्टात गोदेला पूर आला, काठावरचा दुतोंड्या मारुती पार बुडाला, भांडी बाजारात पाणी शिरलं, त्यात बाबांचं फ्रेमचं दुकानही भिजलं. बाबा त्याआधीच गेले होते. दुकान बंद होतं आणि हत्यारांची पेटी अगदी खालच्या फळीवर होती. चिखल धुऊन मी ती घरी आणली, गॅलरीत ठेवली आणि तीन वर्षं तिच्याकडे पाठ करून कपडे वाळत घातले.

तुम्ही दूध घेऊन येत होतात. "काय आहे त्यात?"

"भंगार."

दुधाची पिशवी माझ्या हातात देऊन तुम्ही पेटी रस्त्यातच खाली ठेवायला लावलीत. रंधा काढलात, अंगठ्याच्या नखानं पात्यावरचा गंज खरवडलात आणि म्हणालात, "घाण झालंय नुसतं. भंगार म्हणजे काय ते तुला अंबडला नेऊन दाखवीन." या भानगडीत घंटागाडी निघून गेली. ओला कचरा त्या दिवशी घरातच राहिला, हेही इथे नोंदवून ठेवते.

मला वाटलं होतं, तुम्ही पेटी घेऊन जाल आणि चकचकीत करून आणून द्याल. सातपूरच्या कारखान्यात, हत्यारं आणि साचे बनतात त्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढलेला माणूस, त्याला काय अवघड? पण तुम्ही हात मागे बांधून उभे राहिलात आणि मला किराणा दुकानातून लिंबूफूल आणायला पाठवलंत. एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम. लाकडी मुठी आधी काढून ठेवायच्या, लोखंड पूर्ण बुडवायचं, आणि रात्रभरच ठेवायचं. "दोन रात्री ठेवलंस तर गंज संपून ते लोखंड खायला लागेल," ही ताकीद वेगळी. सकाळी पाणी काळं झालं होतं. भांडी घासायची तारेची घासणी फिरवली तशी खालून करडं पोलाद दिसायला लागलं. मग धुण्याच्या सोड्याचं पाणी, मग लगेच कोरडं फडकं, मग शिवणयंत्राचं तेल. मी कोरडं करायला पाच मिनिटं उशीर केला, तर पटाशीवर, म्हणजे लाकूड तासायच्या छिन्नीवर, पुन्हा नारिंगी झाक आली. तुम्ही काही बोलला नाहीत. ती एक पटाशी उचलून परत टबात टाकलीत.

एकूण खर्च ऐंशी रुपये. पतसंस्थेत नोकरी असल्यामुळे मला वही ठेवायची सवय आहे, त्यामुळे हे आकडे अंदाजाचे नाहीत.

त्या वहीत डावीकडे मी काय घेतलं ते आहे, आणि उजवीकडे तुम्ही काय घेऊ दिलं नाही ते. उजवी बाजू मोठी आहे. प्लॅस्टिकच्या पेटीतला शंभर नगांचा संच: नको. स्वस्तातली हातातली सर्क्युलर करवत: नको, त्या करवतीपेक्षा तुझी बोटं महाग आहेत. लोखंडी तयार टेबल: नको, अंबडला मशिनरीच्या पॅकिंगचं पाईनवूड पडलेलं असतं. घ्यायलाच लावलंत ते फार थोडं. ड्रिलची बिटं नवी आणि एचएसएसचीच, म्हणजे हाय स्पीड स्टीलची, आणि जिन्याखालच्या जागेत अर्थिंगसकट तीन पिनांचा प्लग. तिथे आधी दोन पिनांचा होता. तो बघून तुम्ही जो चेहरा केलात तो मी विसरणार नाही.

हे "नको" मला तेव्हा डाचायचं. नवीन छंद म्हटला की पैसे खर्चायची हौस असते, त्यात तुम्ही आडवे. पण एका हार्डवेअरच्या दुकानात "साहेबांना पाठवा ना, त्यांना कळेल" असं ऐकून परत आले, तेव्हा तुम्ही सांत्वन वगैरे केलं नाहीत. "चल," म्हणालात आणि रिक्षा बोलावलीत. अंबड लिंक रोडच्या बाजूला एका भंगारवाल्याकडून चार इंची व्हाइस, म्हणजे काम पकडून ठेवायचा शिकंजा, घेतला, किलोवर, साडेसहाशे रुपयांत. घेण्याआधी तुम्ही त्याचे दोन्ही जबडे जुळवून, फट उजेडासमोर धरून बघितलीत, स्क्रू पूर्ण बाहेर काढून आटे बघितलेत आणि मग भाव केलात. त्याच माणसानं मला विचारलं, "ताई, आणखी काय लागतं?" एवढ्यानं माझा राग गेला.

टेबलाची उंची ठरवताना तुम्ही मला व्हाइसशेजारी उभं केलंत. कोपर जबड्यावर टेकव, मूठ वळ, मूठ हनुवटीला लागली पाहिजे. माझी मूठ नाकापर्यंत आली. तुम्ही खालून दोन-दोन सुतांच्या (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पट्ट्या काढत गेलात, मूठ हनुवटीला टेकेपर्यंत. "कानस मारताना खांदा दुखला तर समज, टेबल दुसऱ्याच्या मापाचं आहे." माझ्या घरात ओटा, कपाट, शिलाई मशीन सगळं तयार मापाचं. माझ्या कोपरावरून मापलेलं असं ते पहिलंच.

आता गुण्याबद्दल, म्हणजे काटकोन बघायच्या हत्याराबद्दल. बाबांचा लोखंडी गुण्या स्वच्छ झाल्यावर मी खूश होते. तुम्ही म्हणालात, आधी तपास. सरळ कडेच्या फळीला गुण्या लावून टोकदार पेन्सिलीनं एक रेघ, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी. रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. आमच्या वरच्या टोकाला एक फुटावर सूतभर फाकल्या. म्हणजे चूक त्याच्या निम्मी, अर्धं सूत, कारण उलटवल्यावर ती दुप्पट दिसते. कोन उघडला होता. तुम्ही गुण्या व्हाइसच्या मागच्या ऐरणीवर ठेवलात, बाहेरच्या कोपऱ्याजवळ सेंटर पंच, म्हणजे ठोकून खूण करायची टोकदार सळई, धरलात आणि हातोडी मला दिलीत. बाहेरच्या बाजूचं लोखंड पसरलं की कोन मिटतो, आतल्या बाजूला ठोकलं की उघडतो. एक ठोका, रेघ. दुसरा ठोका, रेघ. तिसऱ्याला मी जोर लावला आणि कोन पलीकडे गेला, मग आतून एक हलका. शेवटी दोन रेघांची एक रेघ झाली.

तेव्हा मी एक प्रश्न विचारला होता. बाबांच्या फ्रेमच्या कोपऱ्यात नेहमी बारीक फट राहायची, ती ते लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंगानं झाकायचे. लहानपणी तो रंग कालवायचं काम माझ्याकडे असायचं. गुण्या पुरात पडून बिघडला, की पहिल्यापासूनच असा होता, हे आता कसं कळणार? तुम्ही सेंटर पंच फडक्यानं पुसत म्हणालात, "लांबी सगळेच भरतात." त्यापुढे तुम्ही काही बोलला नाहीत आणि मीही विचारलं नाही.

हत्यारांना धार लावायच्या ग्राइंडरचं प्रकरण खरं तर तुमच्या हट्टाचं, त्याचं श्रेय मी घेत नाही. पाव एचपीची जुनी मोटर, १४४० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे घेणारी, आठशे रुपये. बटन दाबलं की नुसती गुणगुणायची, हातानं दंड फिरवला की पळायची. मी निराश झाले, तुम्ही खूश. मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर गेलाय, आतलं स्विच चिकटलंय, बाकी मोटर तरुण आहे, हे तुमचं निदान बरोबर निघालं. कपॅसिटरला हात लावण्याआधी त्याच्या दोन टोकांना बल्ब जोडून त्यातली वीज उतरवायची, हे मी आता सगळ्यांना सांगत सुटते. चाक दंडावर बसवायचं बुश लेथवाल्याकडून कातून घेतलं. चाक मात्र नवीन, सहा इंची, आणि त्यावर छापलेली आरपीएमची मर्यादा मोटरच्या वेगाच्या कितीतरी वर आहे हे वाचून. बसवण्याआधी चाक बोटावर टांगून स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हळूच वाजवायला लावलंत. खणखणीत वाजलं तर घे, बद्द वाजलं तर आत तडा आहे, फेकून दे. वर पत्र्याचा गार्ड, आणि पहिल्यांदा सुरू करताना चाकाच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, पूर्ण एक मिनिट.

इथे माझी एक तक्रार. त्या मिनिटाला एवढं जपणारा माणूस चष्मा लावायला तयार नव्हता. "आमच्या वेळी कुठे होते चष्मे," हे कारण टूलरूमच्या माणसाला शोभत नाही. मी एकशे वीस रुपयांचे दोन गॉगल आणले, वहीत डावीकडे लिहिले आणि एक तुमच्या खिळ्यावर टांगला. पंधरा दिवसांनी तो तुमच्या नाकावर होता. त्यावर मी तेव्हा काही बोलले नाही, म्हणून आता बोलते.

पटाशीला धार लावायचं शिकायला मात्र अख्खा पावसाळा गेला. बाबांच्या दुकानातली काच मी पाटा म्हणून वापरत होते. ती वाकते म्हणून तुम्ही मार्बलवाल्याकडून पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटचा तुकडा फुकट आणून दिलात. आधी पाठ सपाट, तिच्यात ट्यूबलाइट दिसेपर्यंत, मग धारेकडचा उतार. पाठीकडे बोटाला बारीक कोर उलटून आलेली लागली की पाट्यावरचा घासकागद बदलायचा. मला घाई, मी दर दोन मिनिटांनी विचारायचे, "झाली का?" तुम्ही वर्तमानपत्र वाचत म्हणायचात, "पटाशीला विचार."

तुम्ही जायच्या आधीच्या खंडेनवमीला मी सगळी हत्यारं टेबलावर मांडली, व्हाइसला झेंडूची माळ घातली. तुम्ही आलात, नमस्कार केलात, आणि कुंकू लावलेल्या रांगेतून पाऊण इंची पटाशी उचलून मनगटावरचे केस उडवून बघितलेत. मग ती जागेवर ठेवलीत आणि कुंकवाचं बोट परत टेकवलंत. प्रसादाचा पेढा खाल्लात, दुसराही मागून घेतलात. त्यावरून मी काय ते समजले.

गेल्या महिन्यात पहिली फ्रेम केली. सागाची पट्टी, बाबांचा दुकानात बसलेला फोटो. तीन कोपरे चपखल बसले. चौथ्यात नख जाईल एवढी फट होती. लांबी भरली, रंग कालवला.

आणि हो, तुमची अर्धगोल कानस माझ्याकडेच राहिली आहे. मूठ फुटली होती, बिनमुठीची कानस हातात शिरते म्हणून तुम्ही ती बाजूला ठेवली होती. मी बाभळीची नवी मूठ बसवली, जरा जाड झाली आहे. दिवाळीला याल तेव्हा धरून बघा. हातात बसली तर घेऊन जा, नाही तर इथेच खिळ्यावर राहू द्या, तुमच्या गॉगलशेजारी.

काकूंना नमस्कार. कळावे.

आपली,
वरच्या मजल्यावरची