रंगकामाआधी कागदपत्रे पाहावीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील जुना फ्लॅट विकायचे ठरले की आधी रंगारी येतो, गळके नळ बदलले जातात, माळ्यावरचे सामान निघते. ते करावेच, परंतु संस्थेचे काम पाहताना जे व्यवहार रखडलेले मी पाहिले, ते बहुतेक कागदांपाशी अडलेले होते.

घेणाऱ्याला गृहकर्ज देणाऱ्या बँकेचा वकील बिल्डरबरोबरच्या पहिल्या करारनाम्यापासून आजवरची सर्व खरेदीखते, मुद्रांक शुल्क व नोंदणीच्या पावत्या, सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा), संस्थेच्या सभासदत्वाचे शेअर सर्टिफिकेट आणि इमारतीचा भोगवटा दाखला (इमारत वापरण्यास दिलेली पालिकेची परवानगी) मागतो. यातला मूळ करारनामा हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वृत्तपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत, एवढे सोपस्कार होईपर्यंत घेणारा दुसरे घर पाहून मोकळा होतो.

सर्वांत मोठा घोळ नामनिर्देशनाचा, म्हणजे सभासदाने आपल्या पश्चात संस्थेकडे नॉमिनी म्हणून नोंदवलेल्या नावाचा. वडील गेल्यावर नॉमिनी असलेला मुलगा स्वतःला मालक समजतो आणि विसारही घेऊन बसतो. सहकार कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार, वारसांचा हक्क ठरेपर्यंत नॉमिनी हा केवळ तात्पुरता सभासद असतो. मृत्युपत्र नसेल तर सर्व वारसांनी विक्री करारावर सह्या करणे किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र देणे आवश्यक ठरते. त्यातील एखादी बहीण परदेशात असेल, तर तिच्या वतीने सही करण्याचा अधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे लागते आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. भावंडांचे संबंध चांगले असतानाच हे उरकलेले बरे, असे मी कळकळीने सांगेन.

संस्थांचीही यात जबाबदारी आहे. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे संस्थांसाठीच्या नमुना नियमावलीनुसार, सदनिका हस्तांतरणासाठी संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक नाही आणि 9 ऑगस्ट 2001 च्या शासकीय परिपत्रकानुसार हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे हस्तांतरणासाठी संस्था आकारते ती रक्कम, 25,000 रुपयांपेक्षा अधिक घेता येत नाही. तरीही काही ठिकाणी घर विकणाऱ्या वृद्ध सभासदाकडून देणगीच्या नावाखाली मोठी रक्कम मागितली जाते. घाईत असलेला माणूस ती देतोही. हे अन्यायकारक आहे आणि सहकार खात्याच्या उपनिबंधकांनी अशा तक्रारींची दखल तत्परतेने घ्यावी.

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपूर्वी घ्यावीच लागते. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर सभासदांची नामनिर्देशने, शेअर सर्टिफिकेटवरील नावे आणि रखडलेली वारसनोंद हा विषय सर्व संस्थांनी यंदापासून ठेवावा, आणि ज्यांच्या नोंदी अपुऱ्या आहेत त्यांना सचिवांनी लेखी कळवावे, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एका गृहनिर्माण संस्थेचा माजी सचिव, डोंबिवली