शनिवारचं सांगायचं होतं

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर आई, तू आधी 'जेवलीस?' विचारतेस आणि विषय तिथेच राहतो, म्हणून लिहायला बसले. प्रकल्पातल्या जोखमीचं विश्लेषण शिकवणारा कोर्स घेतलाय. फी भरून झाली. वर्ग शनिवारी दिवसभर, त्यामुळे पेडण्याला आता एक आठवडा सोडून येईन. पैसे माझ्या पगारातले, एफडीला हात लावलेला नाही. नोकरीही आहे तिथेच आहे.

बाबा, 'या वयात परत शाळा कशाला' म्हणाल. आमच्या साईटवर काम रखडलं की पावसाच्या नावावर खपवतात. गोव्यात जूनमध्ये पाऊस येतो हे कोणाला ठाऊक नव्हतं? तो आधीच कागदावर हवा, येण्याची शक्यता किती, फटका किती, बघणार कोण, सगळं लिहून. तुम्ही कौलं परतायला माणसं सांगता तेव्हा हेच तर करता. सगळं सुरळीत झालं तर ४ दिवस, एरवी ६, आभाळ आलं तर १४. मधल्याची चौपट धरून तिन्हींची बेरीज करायची, ६ ने भागायचं. आले ७. १९५८ च्या सुमारास अमेरिकेच्या नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रांच्या कामासाठी हा हिशोब बसवला. पुढे मॉन्टे कार्लो नावाची पद्धत शिकायचीय. नाव कॅसिनोवरून पडलंय खरं, पण मांडवीतल्या त्या बोटींकडे मी फिरकत नाही, बाबा! दर वेळी दिवस थोडे इकडेतिकडे करून संगणकावर तेच काम हजारो वेळा करून बघायचं, मुदतीत किती वेळा संपतं ते मोजायचं. १९८६ ला मांडवीवरचा पूल पडल्यावर फेरीबोटीच्या रांगेत गेलेले तुमचे दिवस ऐकतच मी वाढले ना, मग दुसरं काय सुचणार?

माझी काळजी नको. मळ्यातल्या मावशींचा डबा येतो, शीत-कडी असते, पोदेर सकाळी पाव घेऊन दाराशी येतो. फक्त परीक्षा म्हटलं की आई, तुझी पेज आठवते, भाजलेल्या पापडासकट. तेव्हा तू उशाशी बसून वारा घालायचीस.

आता ऐका. बीपीची गोळी नाश्त्यानंतर लगेच, 'मागाहून घेतो' चालणार नाही. पावसात स्कूटर काढायची नाही, बाजार शेजारच्या दादाला सांगा. रागावून नाही सांगत हो. चवथीची रजा आत्ताच मागून ठेवलीय. गणपतीवरची माटोळी मी आल्यावर बांधू, बाबांनी स्टुलावर चढायचं नाही.

तुमची,
बाय