अंधार पडेपर्यंत थांबलात, त्याबद्दल

कळव्याहून आलेले, सीसीटीव्ही कॅमेरे दुरुस्त करणारे दादा, तुम्हांला सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे मुद्दाम घेत नाही. निघताना तुम्हीच म्हणालात, "काकू, नाव कशाला, काम बघा." काम बघितलं, म्हणूनच लिहिल्याशिवाय राहवत नाही. आणि उघड लिहितेय, कारण आमच्यासारखाच त्रास सोसणारी घरं ऐरोलीत, ठाण्यात पुष्कळ असणार.

आमच्याकडे कॅमेरे चोरांसाठी बसवले नव्हते, नानांसाठी बसवले होते. नाना म्हणजे माझे सासरे. वय ८१. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपनीत त्यांनी ३४ वर्षं पाळ्या केल्या. गेली तीन-चार वर्षं त्यांना विस्मरण होतंय आणि रात्रीबेरात्री ते उठून दार उघडतात. म्हणून चार कॅमेरे घेतले: दिवाणखान्यात, जिन्यात, मागच्या गल्लीत आणि गेटवर. त्या भरवशावर आम्ही रात्री झोपत होतो.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे पावणेसहाच्या आधीच मला जाग आली, तर दार सताड उघडं. दिवाणखान्याचं रेकॉर्डिंग मागे नेलं. नाना डबा हातात घेऊन बाहेर पडताना दिसले, वेळ ४.५०. म्हणजे जवळजवळ तास होत आला, लांब गेले असणार. गेटचा कॅमेरा उघडला तर काळा पडदा आणि मधोमध 'व्हिडिओ लॉस'. डावीकडे गेले की उजवीकडे, काहीच कळेना. हे स्कूटर काढून आधी स्टेशनला, मग रबाळ्याच्या दिशेने गेले. मी पावसात खाडीच्या बाजूच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. नाना सापडले पावणेसातला, घरापासून दोनच गल्ल्यांवरच्या बसथांब्यावर. पहिल्या पाळीच्या कंपनीच्या बसची वाट बघत बसले होते. पायात चप्पल नव्हती. डबा उघडला तर रिकामा. दूधवाल्याने ओळखलं म्हणून घरी आले.

ज्यांनी कॅमेरे बसवले होते ते तीन दिवसांनी आले, भर दुपारी. कॅमेरा चालू होता. "काही प्रॉब्लेम नाही," म्हणून गेले. दुसऱ्यांदा बोलावलं तर म्हणाले, हे सगळं जुनं झालं, सगळं काढून नेटवर्कवर चालणारे आयपी कॅमेरे लावा, आणि ४२ हजारांचं कोटेशन हातात ठेवलं. दादा, आम्ही ते देणार होतो. त्या पहाटेनंतर कोणी लाख मागितले असते तरी हो म्हटलं असतं.

तुमचा नंबर नणंदेच्या ऑफिसातून मिळाला. तुम्ही चार वाजता आलात आणि शिडी खांद्यावरून उतरवायच्या आधी विचारलंत, "बंद पडतो म्हणजे नेमका कधी बंद पडतो?" हा प्रश्न आम्हांला तोवर कोणी विचारला नव्हता, आणि आम्ही स्वतःलाही विचारला नव्हता. मग डीव्हीआरला, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीला, टीव्ही जोडून तुम्ही गेटच्या कॅमेऱ्याच्या पूर्ण दिवसाच्या रेकॉर्डिंगची पट्टी मला दाखवलीत. रोज संध्याकाळी अंधार पडला की पट्टी तुटत होती आणि सकाळी उजाडलं की पुन्हा सुरू होत होती. पाच दिवस मागे गेलो, पाचही दिवस तेच. "काकू, हा कॅमेरा उजेडात जगतो आणि अंधारात मरतो."

मग तुम्ही शिडीवर चढलात आणि डोक्यावरची टोपी काढून कॅमेऱ्यावर घातलीत. भर दुपारी त्याची रात्र केलीत. "जरा कोणी बोलू नका," म्हणालात. आणि खरंच ऐकू आलं: टिक. दोन-चार क्षण शांतता, परत टिक. आत एक बारीक काचेची पट्टी असते, ती दिवसा भिंगामागे येते आणि अंधार झाला की बाजूला सरकते, तिचा तो आवाज, हे तुम्ही सांगितलंत. ती एकदाच वाजायला हवी. आमची वाजतच राहिली होती. टोपीची कड उचलून तुम्ही मला अंधारात बघण्यासाठी असलेले आतले दिवेही दाखवलेत, मंद लालसर ठिपके. उजळायचे, विझायचे, पुन्हा उजळायचे.

त्यानंतर तुम्ही मीटर काढलात. तुम्ही आकडे लिहिलेला कागद मी जपून ठेवलाय, त्यामुळे ते चुकणार नाहीत. पॉवर सप्लायच्या पेटीजवळ १२.१ व्होल्ट. गेटजवळ, कॅमेऱ्याच्या पिनेशी, दिवसा ११.२. टोपी घातल्यावर ९.६. "बारीक पाइपावर एक नळ नीट चालतो, दुसरा सोडला की दोन्हींची धार बसते," असं तुम्ही समजावलंत आणि मला पहिल्यांदा गोष्ट कळली. रात्री दिवे लागले की कॅमेरा जास्त करंट ओढतो. वायर बारीक आणि लांब असली की तेवढ्या वाटेत व्होल्टेज पडतं. कॅमेरा बंद पडतो, भार उतरतो, व्होल्टेज परत वर येतं, कॅमेरा सुरू होतो, दिवे लागतात, परत बंद. रात्रभर हेच. कॅमेरा बिचारा धडधाकट होता.

केबल तुम्ही सोलून दाखवलीत. वरून तांब्यासारखी दिसणारी तार नखाने खरवडली तर आत पांढरी, ॲल्युमिनियमची. आणि गेटच्या खांबामागे, काळ्या टेपच्या गुंडाळीत, तो जोड. टेप उकलला तर आतून पाण्याचा थेंब ओघळला. पिनेवर हिरवी पूड बसलेली, देवघरातल्या न घासलेल्या तांब्याच्या पळीवर येते ना, अगदी तशी. खाडीचा खारा वारा आणि तीन पावसाळे. तुम्ही ती पीन माझ्या तळहातावर ठेवलीत. दोन बोटांत चुरगळली इतकी ती खाल्ली गेली होती. त्या एवढ्याशा पिनेपायी आमचे नाना पाऊण-एक तास पावसात एकटे बसले.

तुम्ही जोड कापून टाकलात, चित्राच्या केबलला पितळी बीएनसी जोड आणि पॉवरला नवीन पीन लावलीत, सगळं प्लास्टिकच्या बंद डबीत घालून छज्जाखाली घेतलंत. केबल डबीत शिरायच्या आधी तिला खाली झोळ ठेवलात, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल, आत शिरणार नाही. गेटच्या कॅमेऱ्याच्या पॉवरला जाड, खऱ्या तांब्याची वेगळी वायर ओढलीत. परत टोपी, परत मीटर: ११.५. टिक एकदाच वाजली.

काम झालं होतं, दादा. पाच वाजून गेले होते. तुम्हांला कळव्याला जायचं होतं, पाऊस भरून आला होता. मी पैसे काढायला उठले तर तुम्ही म्हणालात, "थांबा काकू. टोपीखालची रात्र वेगळी आणि खरी रात्र वेगळी. अंधार पडू दे."

आणि तुम्ही बसलात. दोन-अडीच तास. त्या वेळात जे केलंत ते कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याचे वेगळे पैसेही लावले नाहीत. डीव्हीआरचं घड्याळ तुम्ही तुमच्या मोबाइलशी ताडून पाहिलंत. ४० मिनिटं मागे. मी मटकन खाली बसले. ४.५० म्हणजे साडेपाच! मी उठले तेव्हा नाना जेमतेम दहा मिनिटांपूर्वी गेले होते आणि आम्ही त्यांना रबाळ्यात शोधत होतो. डीव्हीआर उघडून तुम्ही नाण्याएवढा सेल बदललात. वीज गेली की त्या सेलवरच घड्याळ चालतं, आणि तो मरायला टेकला होता. शिवाय इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळेल अशी सेटिंग केलीत.

पासवर्डचं तर मला आजही आश्चर्य वाटतं. बसवणाऱ्यांनी ठेवलेला सहा आकड्यांचा सोपा पासवर्ड तसाच होता आणि ॲपमध्ये आमच्या दोन मोबाइलांखेरीज एक तिसरा, अनोळखी मोबाइल जोडलेला होता. आमच्या दिवाणखान्याचं चित्र तीन वर्षं कोणीतरी पाहू शकत होतं. तुम्ही तो काढलात आणि मला नवीन पासवर्ड टाकायला सांगून भिंतीकडे तोंड करून उभे राहिलात. "मलाही सांगू नका." नंतर मी वाचलं की २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले असे कारखान्यातले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन मोठमोठ्या वेबसाइटी बंद पाडल्या होत्या. मला तेव्हा मात्र तुमची पाठ दिसत होती, आणि तेवढ्याने माझा विश्वास बसला.

हार्ड डिस्कही तुम्ही तपासलीत. १ टीबीत आमचं पाच-सहा दिवसांचंच रेकॉर्डिंग राहत होतं. एच.२६५ ही व्हिडिओ कमी जागेत बसवायची पद्धत सुरू करून, प्रत्येक कॅमेऱ्याला २ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट, ठेवून तुम्ही हिशेब मांडलात: एका कॅमेऱ्याचे दिवसाला साधारण २२ जीबी, चारांचे ८६, म्हणजे अकरा दिवस. चित्रात मला फरक दिसला नाही.

याच वेळात नाना बाहेर आले. तुमच्या हातात मीटर, गळ्यात वायरीचं वेटोळं. त्यांनी विचारलं, "नाइटला आलास का रे?" आम्ही अशा वेळी त्यांना समजावत बसतो, नाना, आता कंपनी नाही, तुम्ही रिटायर झालात. तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "हो साहेब, नाइटला." नाना शेजारी खुर्ची ओढून बसले आणि तुम्हांला मेन स्विचची काळजी घ्यायला सांगत राहिले. इतके शांत ते कित्येक दिवसांत बसले नव्हते.

साडेसात वाजले. कॅमेरा बंद पडला नाही, पण चित्रात गेट दिसेना, नुसतं पांढुरकं धुकं. तुम्ही हसलात, "याच्यासाठीच थांबलो होतो." आम्ही मे महिन्यात छज्जाला पांढरा रंग दिला होता. कॅमेऱ्याचे दिवे त्या रंगावर आपटून परत भिंगात येत होते. शिवाय भिंगासमोर कोळ्याचं जाळं, दिवसा न दिसणारं, रात्री दोरखंडासारखं चमकणारं. मोबाइलच्या उजेडात शिडीवर चढून तुम्ही जाळं पुसलंत, कॅमेरा चार बोटं पुढे घेतलात, मान खाली केलीत. पडद्यावर गेटची कडी दिसली. रस्त्याच्या दोन्ही बाजू दिसल्या. शेजारच्या वहिनींचं दारही येत होतं, तेवढा भाग तुम्ही काळा करून झाकलात आणि त्यांना बोलावून दाखवलात.

एकूण १,८५० रुपये झाले. वायर, पिना, डबी, सेल, मजुरी सगळं धरून. वर दोनशे दिले तर घेतले नाहीत.

गेल्या मंगळवारी पहाटे चारला कॅमेऱ्याच्या ॲपवरून माझा मोबाइल वाजला. पडद्यावर नाना, गेटची कडी काढताना, आणि मग उजवीकडे वळताना. मी चप्पल घालून निघाले आणि कोपऱ्यावरच त्यांना गाठलं. डबा होताच हातात. घरी आणून चहा दिला, झोपले.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी कोरड्या फडक्याने जाळी काढते, तुमच्या कागदावर तारीख घालते. नाना अधूनमधून विचारतात, तो नाइटवाला मुलगा परत आला नाही का. दादा, ऐरोलीच्या बाजूला काम निघालं तर संध्याकाळी सातच्या सुमाराला या. नानांच्या शेजारची खुर्ची तिथेच आहे.

तुमची,
ऐरोलीची काकू