समुद्राला मोकळं सोड

पुणे, रविवार

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या हवामान-मॉडेलच्या प्रयोगाचा प्लॅन दोनदा वाचला. 30 ते 60 अंश उत्तर अक्षांशांतलं गवत आणि शेती काढून जंगल लावायचं, मॉडेल दोनदा चालवायचं, एकदा जंगलासह आणि एकदा जंगलाशिवाय, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड दोन्ही रनमध्ये सारखा ठेवायचा. इथवर छान. पण समुद्राचं तापमान आधीच ठरवून देणार म्हणतेस, तिथे मी अडले. फोनवर तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहितेय.

ताजा बर्फ 80 टक्क्यांच्या आसपास ऊन परत पाठवतो. त्याच जागी सूचिपर्णी रान उभं राहिलं की ते बर्फाच्या वर डोकं काढतं आणि बरंचसं ऊन पिऊन टाकतं. उत्तर गोलार्ध तापतो, वातावरण ती जास्तीची ऊर्जा दक्षिणेकडे नेऊ लागतं आणि विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा उत्तरेला सरकतो. आपला मोसमी पाऊस त्या पट्ट्याशी बांधलेला. पण समुद्राचं तापमान तू खिळवून ठेवलंस तर तो बिनबुडाचा रांजण होतो: कितीही उष्णता ओता, पातळी हलायची नाही. मग पट्टाही फारसा सरकणार नाही, आणि तू लिहिशील, ‘लांबच्या जंगलाचा मान्सूनवर परिणाम नाही’. बंगळुरूच्या देवराजू, बाला आणि मोदक यांचा 2015 चा पेपर पुन्हा काढ. त्यांनी उलट केलं, झाडं तोडली. उत्तरेकडची जंगलं गेल्यावर भारतातला पाऊस घटला.

तेव्हा निदान स्लॅब ओशन घे. वरचा चाळीस-पन्नास मीटरांचा थर तापू-निवू देणारा तो साधा समुद्र वीस-तीस वर्षांत स्थिरावतो. पूर्ण समुद्राच्या नादी लागू नकोस, त्याचा तळ स्थिरावायला शेकडो वर्षं लागतात आणि तुझी फेलोशिप तेवढी नाही. 60 वर्षं चालव, पहिली 30 टाकून दे.

आणखी एक, हे माझ्या अंगावर शेकलेलं आहे. शेती काढलीस की मॉडेलमधलं सिंचनही जातं. मी एकदा उत्तर भारतात झाडं लावली, उन्हाळा तापला, दोन महिने ‘झाडांनी तापमान वाढवलं’ म्हणत फिरले. खरं तर पाटाचं पाणी बंद झालं होतं. कंट्रोल रनमध्येही, म्हणजे जंगलाशिवायच्या रनमध्येही, सिंचन बंद ठेव, म्हणजे दोन रनमध्ये फरक राहील तो फक्त झाडांचा.

सह्याद्रीचे नकाशे मात्र मला पाठवू नकोस. मॉडेलच्या 100 किलोमीटरच्या चौकटीत महाबळेश्वर आणि वाई एकाच डब्यात बसतात, घाट सपाट होतो. तिथला जास्त पावसाचा हिरवा ठिपका म्हणजे काहीच नव्हे. मान्सूनचा स्वतःचाच चढउतार एवढा असतो की सुरुवातीचं तापमान केसभर बदलून तीन-चार रन केल्याशिवाय मी कुठल्याच ठिपक्यावर विश्वास ठेवणार नाही.

मोठ्या कॉम्प्युटरच्या क्यूमध्ये (रांगेत) टाकलंस की कळव. बाबांनी विचारलं, मॉडेलमध्ये झाड वाढायला किती दिवस लागतात. म्हटलं, एक फाइल बदलली की झालं. ते गॅलरीतल्या कढीपत्त्याकडे बघत बसले. दोन वर्षं झाली, अजून गुडघ्याएवढाच आहे.

तुझी,
आई