बाई, त्या ओळीला तुम्हीही गप्प राहिलात

बाई, सलाम.

तुम्ही पिंपरीला लेकाकडे गेलात त्याला आता तीन महिने होतील. पत्र तुमच्या पत्त्यावर टाकता आलं असतं. पण मला जे जे ऐकवलं गेलं ते चारचौघांत ऐकवलं गेलं, तर आभारही चारचौघांतच मानते. वाचणारे सगळे ख्रिस्ती नसतील, म्हणून तुम्हाला तोंडपाठ असलेल्या गोष्टीही मधे मधे सांगाव्या लागतील. तेवढं सोसून घ्या.

आमच्याकडे दर रविवारी उपासनेत सगळे उभे राहतात आणि माना खाली घालून, डोळे मिटून प्रभूची प्रार्थना एका आवाजात म्हणतात. येशूने शिष्यांना शिकवलेली ती हीच. फार तर अर्धा मिनिट लागतो. लहानपणी संडे स्कूलमध्ये 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' इथे आमचा आवाज चढायचा, कारण भाकर कळायची. तिच्या पुढची ओळ अशी: 'आणि जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' चाळीस वर्षं मी ही ओळ भाकरीच्या मागोमाग गिळत आले. हे गेल्यावर मात्र ती घशात अडकली.

माझ्या ऋण्याने ऋण खरोखरचं घेतलं होतं, रुपयांत. ह्यांच्या फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे मिळून चार लाख साठ हजार, माझ्या धाकट्या दिराने, दोन महिन्यांच्या बोलीवर. कागद केला नाही. टेबलावर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल होतं, तेच साक्षीला. दोन महिन्यांची दोन वर्षं झाली, आणि मग 'ते पैसे तर दादानेच मला दिले होते' हे ऐकायला मिळालं. मी पोलिसांत अर्ज दिला. पुढची कोर्टकचेरी तुम्हाला माहीत आहे, इतरांना ती ऐकून काही मिळायचं नाही.

अर्ज दिल्याच्या चौथ्या दिवशी चर्चचे पंच घरी आले. चौघं. चहा घेतला, प्रार्थना केली आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय काढला. राजा एका दासाला दहा हजार तालांत माफ करतो. हजारो मजुरांच्या जन्मभराच्या कमाईएवढी ती रक्कम. तोच दास बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी आपल्या सोबत्याची मानगूट धरतो. राजा चिडतो आणि त्याला तुरुंगात टाकतो. 'तुझे ते शंभर दिनार समज, वहिनी, आणि सोडून दे,' असं मला सांगितलं. एक दिनार म्हणजे तेव्हाचा मजुराचा एका दिवसाचा रोज, हेही त्यांनीच सांगितलं. ते गेल्यावर मी हिशेब केला. खुरपणीचा तीनशे रुपये रोज धरला तर माझे पंधराशेच्या वर दिवस होतात. पण ते असो. बायबल मिटलं आणि त्याच्याच खालून एक कागद निघाला, अर्ज मागे घेत असल्याचा. टाइप केलेला. फक्त माझी सही राहिली होती.

मी सही केली नाही. मग मी 'कठीण मनाची' झाले.

त्या दिवसांत माझ्यासाठी प्रार्थना करणारे पुष्कळ होते. 'प्रार्थनेत आठवण ठेवते हं' म्हणायचं आणि विषय बंद करायचा. महिला मंडळाच्या सभेत एकीने माझ्याकडे न बघता स्टेन्सबाईंचं उदाहरण दिलं. 1999 च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, फिलिप आणि तिमथी, रात्री गाडीत झोपलेली असताना जाळली गेली, आणि ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. 'त्यांनी नवरा आणि पोरं गेली तरी मनात ठेवलं नाही, आणि आपल्याला पैसे सुटत नाहीत.' मी घरी आले आणि रात्रभर स्वतःचीच घाण वाटत राहिली.

खरं म्हणजे ती ओळ मला सोडताही येत नव्हती. संपूर्ण प्रार्थना शिकवून झाल्यावर येशू त्यातल्या या एकाच ओळीकडे परत येतो आणि स्पष्ट सांगतो की तुम्ही लोकांना क्षमा केली नाही तर तुमचा पिताही तुम्हाला क्षमा करणार नाही. भाकरीबद्दल असं पुन्हा सांगितलेलं नाही. आणि म्हणायची तर ती म्हणावी कशी? 'सोडले आहे'! मी तर सोडलेलं नाही. देवासमोर उभं राहून धडधडीत खोटं बोलायचं? म्हणून मी ओठ मिटायला लागले. भाकरीपर्यंत म्हणायचं, एवढी ओळ गप्प राहायचं आणि 'आम्हांस परीक्षेत आणू नकोस' पासून पुन्हा सुरू करायचं. सगळ्यांचे डोळे मिटलेले, कोणाला कळणार होतं?

तिसऱ्या की चौथ्या रविवारी लक्षात आलं की माझ्या डाव्या हाताचा आवाजही त्याच ओळीला बंद होतोय. तुमचा आवाज, बाई. तीस वर्षं वर्ग शिकवलेला, तीन बाकांपलीकडे ऐकू जाणारा. तो 'भाकर आज आम्हांस दे' ला थांबला आणि 'परीक्षेत आणू नकोस' ला परत आला. मला वाटलं ठसका लागला असेल. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत, हात धरला नाहीत, बाहेर आल्यावर काही बोललाही नाहीत. आठ महिने. अख्खं चर्च एका आवाजात म्हणतंय आणि खिडकीजवळच्या बाकावर दोन बायका गप्प.

शेवटी न राहवून मीच पायरीवर चपला शोधताना विचारलं. तुम्ही म्हणालात, "अगं, 'मी' असतं तर म्हटलं असतं. ओळीत 'आम्ही' आहे. तू माझ्या शेजारी उभी. तुझं सुटलेलं नाही, तर 'आम्ही सोडले आहे' हे माझ्या तोंडीसुद्धा खोटंच की." आणि चप्पल घालून निघालात, कारण घरी डाळ शिजत लावली होती.

बाई, मी तिथेच बसले. लोकांना वाटलं चक्कर आली.

आम्ही दर रविवारी आम्ही, आम्ही म्हणत असतो. प्रभूच्या प्रार्थनेत 'मी' हा शब्दच नाही, भाकरसुद्धा 'आमची' आहे. हे लहानपणापासून उपदेशात शंभरदा ऐकलेलं. पण या 'आम्ही'त शेजारीण धरायची आणि ती मागे राहिली तर आपणही थांबायचं, असं करताना मी कोणाला पाहिलं नव्हतं. पंचांनी माझ्याकडून क्षमा मागून नेली असती, सहीसकट. तुम्ही काही मागितलं नाहीत. उलट स्वतःच्या प्रार्थनेतली एक ओळ माझ्यासाठी आठ महिने उपाशी ठेवलीत.

त्यानंतर तुम्ही घरी यायला लागलात. तुमची प्रार्थना दोन वाक्यांची असायची. येशूने निरर्थक बडबड करू नका म्हणून सांगितलंय ते खरोखर मनावर घेतलेली आमच्या मंडळीतली तुम्ही एकटीच असाल. (आमच्या एका पंचांची प्रार्थना सुरू झाली की लोक दुसऱ्या पायावर भार घेतात.) एकदा मी बोलून गेले की बाई, मला त्याचं वाटोळं झालेलं बघायचंय. मला वाटलं तुम्ही रागवाल. तुम्ही चष्मा पुसलात आणि स्तोत्रसंहिता काढलीत, एकशेनववं स्तोत्र. "हे घे, शास्त्रातच आहे, वाच मोठ्याने." मी वाचायला लागले. त्याचे दिवस थोडे होवोत. त्याचा हुद्दा दुसरा घेवो. इथपर्यंत मजा आली, खोटं कशाला बोलू! पुढे होतं, त्याची मुलं पोरकी होवोत, त्याची बायको विधवा होवो. आणि मी थांबले. माझी जाऊ डोळ्यांसमोर आली, तिच्या हिरव्या बांगड्या. ह्यांना घरी आणलं त्या रात्री माझं डोकं मांडीवर घेऊन तीच बसली होती. मी म्हटलं, "नको. विधवा नको, देवा. ते नको." तुम्ही पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, "आज एवढं पुरे. चहा टाक."

रात्री अंथरुणावर पडल्यावर मला कळलं की दोन वर्षांत त्या घरासाठी मी देवाजवळ मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

स्टेन्सबाईंचंही तुम्हीच नीट सांगितलंत. त्यांनी क्षमा केली, आणि बारीपद्याच्या कुष्ठरोग्यांची सेवा करत त्या पुढची काही वर्षं तिथेच राहिल्या, हे खरं. पण खटला सरकारने चालवला आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली, हेही तितकंच खरं. तुम्ही म्हणालात, क्षमा तुझ्या मनाची, केस कागदाची, दोन्ही एका घरात राहू शकतात. मग पंचांचीच गोष्ट उघडलीत, मत्तय अठरा, आणि एकतिसाव्या ओवीवर बोट ठेवलंत. दास सोबत्याचा गळा धरतो तेव्हा बाकीचे दास काय करतात? ते फार दुःखी होतात आणि जाऊन धन्याला सगळं सांगतात. ते गप्प बसत नाहीत. "हे चौघं तुझ्या घरी आले ते त्या गोष्टीतले कोण, ते त्यांना विचार," म्हणालात. मी विचारलं नाही. पण तेव्हापासून मला त्या गोष्टीची भीती वाटत नाही.

चर्चमध्ये आमच्या बाकावर जो पंखा आहे तो दिरांनी दिलाय. त्याच्या पात्यांवर नाव आहे, पंखा बंद असताना वाचता येतं. येशू म्हणतो की वेदीजवळ अर्पण आणलंस आणि आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. हे वचन मला दोनदा ऐकवलं गेलं. तुम्ही वर पंख्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "अर्पण कुणाचं ते बघून वचन सांगावं." एवढी खोचक तुम्ही पहिल्यांदाच बोललात. मे महिन्यात मी त्याच पंख्याखाली बसते आणि वारा लागतो, काय करणार.

तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय, बाई, आणि ती सगळी चर्चमध्येच असतात असंही नाही. बँकेत ह्यांच्या खात्याचा उतारा काढून देताना खुर्चीवरून उठून बाहेर आलेला, 'मावशी, तुम्ही बसा, रांग मी लावतो' म्हणणारा तो तरुण मुलगा. केसच्या तारखेला उशीर झाला तर एसटी दोन मिनिटं थांबवणारा कंडक्टर. यांच्यातल्या कोणी मला वचन सांगितलं नाही. भल्या माणसाला पुष्कळदा बोलायचं सुचतच नाही, तो नुसता सरकून जागा करून देतो.

शेवटी ती ओळ म्हटली तो रविवार तुम्हाला आठवत असेल. आदल्या दिवशी तुम्ही लूकच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय दाखवला होता. तिथेही हीच प्रार्थना आहे, पण थोडी वेगळी. "मत्तयात पूर्ण वर्तमानकाळ आहे, 'सोडले आहे'. लूकमध्ये साधा वर्तमानकाळ, 'करतो'. तुला सध्या साधा पुरे." बाकी सगळे मत्तयाची ओळ म्हणत होते, मी हळूच लूकची म्हटली. पैसे आले नव्हते, अजूनही आलेले नाहीत. दीर दोन बाकं पुढे उभे होते आणि त्यांच्या मानेवरचे केस पांढरे झालेले मला त्या दिवशी दिसले. आणि डावीकडून तुमचा आवाज आला, एक शब्द मागून. इतके महिने तुम्ही डोळे मिटून माझ्या तोंडाकडे कान लावून उभ्या होतात, हे त्या एका शब्दावरून कळलं.

आता म्हणते मी. दर रविवारी जमतंच असं नाही. मागच्या तारखेहून आल्यावर दोन रविवार पुन्हा गप्प होते, आणि डावीकडची जागा मोकळी, तेव्हा फार ओकंबोकं वाटलं.

तुमची चष्म्याची डबी बाकाखाली सापडली, निळी, रबर लावलेली. माझ्याकडे आहे. नातवाची परीक्षा झाली की येते म्हणाला होतात. कोणत्या रविवारी ते कळवा, खिडकीकडची जागा धरून ठेवते.

तुमची,
शेजारच्या जागेवरची